दोघांत एक वही

कृष्णाकाठची | २८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

गेला महिनाभर हे मनात घोळतंय. घरात कुणापाशी बोलता येईना, म्हणून इथे लिहिते.

दिवाळीच्या आधी कपाटं आवरताना लेकीच्या जुन्या दप्तरात एक दोनशे पानी वही सापडली. रद्दीत घालायची की ठेवायची हे बघायला उघडली, तर आत दोन अक्षरं. एक माझ्या लेकीचं, निळ्या शाईतलं. दुसरं तिरकं, दाटीवाटीचं, काळ्या बॉलपेनचं. एक पान तिचं, पुढचं पान त्याचं, अशी पन्नासेक पानं भरलेली.

लेक अकरावीला आहे, सायन्सला. मुलगा दहावीला तिच्या क्लासमध्ये होता, आता कॉलेजातही एकाच तुकडीत आहेत. पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा, इथे सांगलीत मामाकडे राहतो. ओळख कशी झाली तेही वहीतच लिहिलंय. क्लासच्या बाईंनी 'न विसरता येणारा दिवस' लिहायला सांगितला होता. निम्म्या वर्गानं २०१९चा पूरच लिहिला, पण बाईंनी वाचून दाखवले ते दोनच निबंध. या दोघांचे.

बाहेरच्यांसाठी सांगते, त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही गावभागात राहतो, तळमजल्याला. ही पोरं तेव्हा पाचवीत होती. लेकीनं गच्चीवरून दिसलेलं पाणी लिहिलं होतं, त्यानं गोठा. घर सोडताना त्याच्या आजोबांनी म्हशींची दावी सोडली नाहीत, विळ्यानं कापली, कारण भिजलेल्या दाव्याची गाठ सुटत नाही. हे वाचलं आणि मी तिथेच खाली बसले.

वहीच्या पहिल्या पानावर नियम आहेत. दुसऱ्याची ओळ खोडायची नाही. काही खटकलं तर शिसपेन्सिलीनं समासात प्रश्न विचारायचा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पानात आलंच पाहिजे. एका ठिकाणी त्यानं लिहिलंय, 'आई रडली.' समासात लेकीची पेन्सिल, 'कशी? आवाज करून की पदरात?' आणि पुढचं अख्खं पान त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. त्याची आई रडलीच नव्हती. पाणी उंबऱ्याला लागलं तरी ती चुलीपुढून उठली नाही, भाकरी थापत राहिली, कारण वर शाळेत जाऊन बसायचं तर पोरांच्या पोटाला काय घालणार. 'रडली' हे त्यानं निबंधात रडायला पाहिजे म्हणून लिहिलं होतं, असं त्यानंच कबूल केलंय.

मग एका समासात त्याच्या अक्षरात प्रश्न नाही, नुसती ओळ आहे. 'तुझा ळ बघितला की मला पुढचं वाचायला वेळ लागतो.' त्याखाली लेकीनं काहीच लिहिलेलं नाही. पेन्सिलीनं एक ळ काढलाय, तेवढाच.

मी दहा-बारा पानं वाचली असतील. बाराव्या पानावर मी स्वतःच आले, पुरातली मी. तिथे वही मिटली आणि होती तिथे ठेवून दिली.

आता माझं सांगते. मी सतरा वर्षांची असताना, १९९८ साली, माझी कवितांची वही अण्णांच्या हाती लागली. वहीत कुणाचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता. कविता होत्या. सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला आमच्याकडे तांब्याचा बंब होता. अण्णांनी माझ्यासमोर एकेक पान फाडून त्यात घातलं. ओरडले नाहीत, मारलं नाही. शेवटचं पान जळेपर्यंत मला तिथे उभं केलं, आणि मग त्याच पाण्यानं अंघोळ करून कॉलेजला जायला सांगितलं. त्यानंतर मी वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही.

म्हणून विचारते. मी वही वाचली हे लेकीला सांगावं का? आणि दुसरं, ती म्हणतेय संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला जायचंय, मैत्रिणींबरोबर. मैत्रिणी कोण ते मला आता माहीत आहे. जाऊ द्यावं का?

अबोली | २८ नोव्हेंबर, रात्री ११:५५

ताई, सांगा. आजच नाही, पण सांगा. तुम्ही वाचलंत हे तिला एक ना एक दिवस कळणारच. वही वेगळ्या कोनात ठेवली गेली असेल, नाहीतर तुमच्या तोंडून त्यातला एखादा शब्द निघून जाईल. तिनं ओळखलं तर ती चोरी होते. तुम्ही सांगितलंत तर चूक होते, आणि चूक आईला माफ होते.

बंबाचं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडेही बंब होता. त्यात पेटवायला रद्दी घालायचं काम माझ्याकडे असायचं.

माणदेशी | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मला दोन मुली आहेत, धाकटी बारावीला. अकरावी-बारावी ही दोन वर्षं म्हणजे पोरांचं पुढचं सगळं. सायन्स घेतलंय, उद्या नीट नाहीतर सीईटी आहे. दिवसाआड एकेक पान लिहायचं, त्यावर विचार करायचा, समोरच्याच्या पानाची वाट बघायची, हा वेळ कुठून येतो? अभ्यासातूनच येतो.

आणि अजून कुणी विचारलं नाही ते विचारतो. मुलगा तुमच्यातला आहे का? इथे सगळे म्हणतील की हे काय विचारणं झालं. पण उद्या घरात, भावकीत पहिला प्रश्न हाच येणार, आणि उत्तर पोरीलाच द्यावं लागणार. मला तिची काळजी वाटते म्हणून आजच बोललो.

लिहिणं वाईट म्हणत नाही. त्या पोराचं दाव्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्याकडे पूर येत नाही, दुष्काळ येतो. दावी आम्हीही सोडलीत, छावणीला जनावरं नेताना. पोरगं खरं लिहितंय.

कृष्णाकाठची | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

माणदेशी दादा, राग अजिबात नाही. मुलगा आमच्यातला नाही. माझ्या सासरी हे चालणार नाही, हेही मला माहीत आहे. पण सोळा वर्षांच्या पोरांचं मी लग्न ठरवायला बसलेली नाही. मला एवढंच कळायला हवंय की आत्ता, या वर्षी, मी काय केलं म्हणजे माझ्या हातून काही जळणार नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर युनिट टेस्टला फिजिक्समध्ये मार्क खाली आलेत. ते वहीमुळे की अकरावीच्या फिजिक्समुळे, मला सांगता येत नाही.

शाळामास्तर | २९ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, शेवटची वीस वर्षं नववी-दहावीला. तुमच्या लेकीचा तो प्रश्न, 'आवाज करून की पदरात', हा मी हजारो वह्या तपासून एखाद्या मुलाला विचारला असेल. आम्ही शिक्षक शुद्धलेखन तपासतो. ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघ मारतो. 'आई रडली' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही म्हणून बरोबरची खूण करून पुढच्या वहीकडे वळतो. कुणीतरी थांबून 'कशी?' विचारावं, हे त्या वयात फार क्वचित कुणाच्या वाट्याला येतं. ते ज्याच्या वाट्याला येतं तो विचारणाऱ्याचा होऊन जातो. मी याला भुलणं म्हणणार नाही. त्या पोराला पहिल्यांदा कुणीतरी नीट वाचलंय.

आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं. चांगलं अक्षर असलेली मुलं मजकूर उतरवायची, चित्रकलेचे सर वेलबुट्टी काढायचे, मग बाइंडिंग करून ते वाचनालयात ठेवायचं. १९८९ साली हस्तलिखिताचं काम एका मुलाकडे आणि एका मुलीकडे होतं. दोघंही दहावीतले. शाळा संपली, मुलगा कोकणात आजोळी गेला. मे महिनाभर दोघांनी एकमेकांना पोस्टकार्डं लिहिली. तेव्हा कार्ड १५ पैशांना मिळायचं. मी पुढे कधीतरी त्या मुलीला विचारलं, अगं उघडं कार्ड का, आंतरदेशीय का नाही? ती म्हणाली, सर, बंद पत्र आलं की घरात सगळे माझ्याकडे बघतात. उघड्या कार्डावर कविता आली की पोस्टमन वाचतो, बाबा वाचतात, शेजारच्या काकू वाचतात आणि सगळे म्हणतात, छान लिहितो हो मुलगा.

तिच्या वडिलांनी ती कार्डं तारेला टोचून ठेवली होती, वीजबिलांच्या बरोबर.

त्यांचं लग्न झालं नाही. तो बारावीनंतर पुण्याला गेला, तिचं एका चांगल्या घरात लग्न झालं. ती आज दिवाळी अंकांतून कथा लिहिते. कथा छापून आली की पहिला फोन मला करते आणि म्हणते, सर, अजून लिहिताना मनात कुणीतरी 'कशी?' असं विचारत असतं. तिच्या बाबतीत ते कोण विचारतं, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

औदुंबरबद्दल. पाठवा, पण एकटी पाठवू नका, तुम्हीही जा. कृष्णाकाठी दत्ताचं देऊळ, समोर भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरी. कवी सुधांशू आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेलं ते संमेलन १९३९पासून संक्रांतीला भरतंय. गावचं संमेलन आहे. शेतातून उठून आलेली माणसं मांडी घालून भाषण ऐकताना तुम्हाला तिथे दिसतील. सोळा वर्षांच्या लिहिणाऱ्या पोरांनी बघावी अशी ती जागा आहे.

बेळगावचा | २९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मास्तरांनी पत्रांचं काढलं म्हणून लिहितो. आमच्या गावात इंदिराबाई संत राहायच्या. कॉलेजच्या दिवसांत त्यांची ना. मा. संतांशी ओळख झाली, दोघंही कविता लिहिणारे. लग्न झालं, आणि दोघांच्या कवितांचं मिळून एक पुस्तक निघालं, 'सहवास'. त्याआधी रविकिरण मंडळ या कवींच्या गटात श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई यांचंही असंच दोघांचं पुस्तक होतं, 'श्री-मनोरमा'. मंडळातल्या पुरुषांना सप्तर्षी म्हणायचे आणि मनोरमाबाईंना अरुंधती.

ना. मा. संत १९४६ साली गेले. मुलं लहान होती. बाईंनी नोकरी केली आणि कविता सोडली नाही. 'शेला' १९५१ला आला, 'मेंदी' १९५५ला. माझी आई त्या कविता स्वयंपाक करताना म्हणायची. लहानपणी मला वाटायचं या ओव्या आहेत. मोठा झाल्यावर कळलं की यातली बरीचशी कविता एका माणसाशी बोलणं आहे, आणि तो माणूस ऐकायला नाही.

हे सांगायचं कारण असं, की दोघांत लिहिण्याची सवय लागली की ती पुढे एकट्यालाही पुरते. तुमच्या लेकीचं या मुलाशी काय होईल ते आज कुणालाच दिसत नाही. पण समासात प्रश्न विचारायला ती शिकली आहे, ते आता तिच्याकडून कोण काढून घेणार?

विधिज्ञा | २९ नोव्हेंबर, रात्री ११:००

मी वकिली करते, त्यामुळे एक कोरडी गोष्ट सांगून ठेवते, कारण अशा धाग्यावर ती राहून जाते. एकत्र लिहिणं, भेटणं, एकमेकांना आवडणं यात गुन्हा नाही. पण २०१२च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची शारीरिक संबंधांना असलेली संमती ही संमती मानली जात नाही. दोघंही अठराच्या आतले असले तरी तक्रार झाली की मुलगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो. हे लेकीला सांगा. धमकी म्हणून सांगू नका. रस्ता ओलांडायला शिकवतो तसं, नीट शेजारी बसून.

आणि घरातल्या कुणी रागाच्या भरात पोलीस स्टेशन गाठायची भाषा केली तर त्यांना थांबवा. माझ्यासमोर अशा आया बसलेल्या आहेत, ज्यांना चार महिन्यांनी तक्रार मागे घ्यायची असते आणि ती तशी घेता येत नाही.

पेनाचंटोपण | ३० नोव्हेंबर, रात्री १:४५

मी एकोणीस वर्षांचा आहे. इथे सगळे मोठे बोलतायत म्हणून आमच्या बाजूचं सांगतो.

आमचंही असंच होतं. आम्ही फोनवर लिहायचो, एकाच फाइलमध्ये दोघं. ती टाइप करत असली की तिचा कर्सर दिसायचा, हलायचा, थांबायचा. मी रात्री दोन-दोन तास नुसता तो थांबलेला कर्सर बघत बसायचो. ती शब्द शोधतेय हे कळायचं. ती मागे जाऊन काय पुसतेय हेही दिसायचं. मला ती तिच्या पुसलेल्या शब्दांवरून जास्त कळली.

बारावीच्या परीक्षेआधी आमचं तुटलं. कारण साधंच होतं. तिला कथेचा शेवट एक हवा होता, मला दुसरा, आणि आम्ही भांडताना ते कथेचं भांडण राहिलं नाही. फाइल तिच्या नावावर होती. तिनं मला काढून टाकलं. एका सकाळी उघडायला गेलो तर 'परवानगी नाही'. त्यात माझी एकशेदहा पानं होती. माझ्या आजीच्या मृत्यूबद्दल मी फक्त तिथेच लिहिलं होतं, दुसरीकडे कुठेच नाही. ते मला पुन्हा लिहिता आलेलं नाही. प्रयत्न केला. वाक्यं येतात, पण ती नसतात.

काकू, तुम्ही वाचलंत हे मला इतकं मोठं वाटत नाही. मला एकच विचारायचंय, उद्या त्यांचं तुटलं तर वही कुणाकडे राहणार? हे त्यांनी आज, सगळं चांगलं असताना ठरवायला पाहिजे. तुम्ही दुसरं काही नाही केलं तरी तिला एवढं विचारा. जमलं तर झेरॉक्स काढून ठेवायला सांगा. दोन प्रती, दोघांकडे.

कृष्णाकाठची | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

बाळा, तू लिहिलेलं आत्ता पहाटे वाचलं. तुझ्या आजीबद्दलचं ते तू पुन्हा लिही. आधीचं आठवायला जाऊ नकोस. तिच्या हातांबद्दल चार ओळी लिही आणि थांब. माझ्याकडे आणून दे म्हणत नाही, पण लिहिलंस की इथे एवढंच कळव की लिहिलं.

शाळामास्तर | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

कृष्णाकाठची ताई, आत्ता तुम्ही या मुलाला जे सांगितलंत ते वाणसामानाच्या यादीतलं नाही.

कृष्णाकाठची | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

सांगितलं तिला.

गुरुवारी संध्याकाळी ती गॅलरीत बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, दिवाळीत तुझी वही सापडली होती, मी थोडी वाचली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. उठून आत गेली, दार लावलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा घेऊन जायची, तसाच परत आणायची.

शनिवारी मी भाजी निवडत होते, तेव्हा येऊन उभी राहिली. पहिला प्रश्न, 'कुठपर्यंत वाचलंस?' मी सांगितलं, मी पुरात खाली उतरते तिथपर्यंत. ती म्हणाली, 'म्हणजे ळ वाचलास.' मी म्हटलं, हो. बराच वेळ दोघी गप्प. मग मी तिला बंबाचं सांगितलं. इतक्या वर्षांत तिच्या बाबांनाही सांगितलेलं नव्हतं. ती खाली बसली, माझ्या हातातली मेथीची जुडी घेतली आणि निवडायला लागली. एवढी मोठी झाली, पण देठ कुठे खुडायचे ते तिला आजवर माहीत नव्हतं. त्या दिवशी शिकली.

पेनाचंटोपण, तुझा प्रश्न विचारला. तिनं त्याला विचारला. त्यांनी नियमांच्या पानावर सहावा नियम लिहिला. 'वही तिच्याकडे. झेरॉक्स त्याच्याकडे. काहीही झालं तरी.' दोघांच्या सह्या आहेत.

विधिज्ञा ताई, तुमचंही सांगितलं. ऐकून घेतलं, म्हणाली, 'आई, आम्ही अजून हातही धरलेला नाही.' मी म्हटलं, मी विचारलं नव्हतं. पण खरं सांगते, ऐकून जीव भांड्यात पडला.

तिच्या बाबांना सांगणं अवघड गेलं. दोन दिवस घरात आवाज चढले. जातीचाही विषय निघाला, माणदेशी दादा, तुम्ही म्हणाला होतात तसाच, पहिलाच. शेवटी ते एवढ्यावर आले की मार्क सुधारले पाहिजेत आणि औदुंबरला आई बरोबर जाणार. फिजिक्सचा क्लास लावलाय. सोमवार ते शुक्रवार वही बंद, शनिवार-रविवार उघडी, हे तिनंच सुचवलं.

माणदेशी | ७ डिसेंबर, रात्री १०:५०

बरं वाटलं. शनिवार-रविवारचं चांगलं ठरवलंत, पाळायला मात्र लावा.

त्या दिवशी तुमचा धागा वाचल्यावर रात्री धाकटीच्या खोलीत गेलो. तिच्या टेबलावर वही उघडी होती. बघितली नाही. झाकण लावून पेन बाजूला ठेवलं आणि दिवा मालवून आलो.

अबोली | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

त्या मुलाच्या आईला माहीत आहे का हे सगळं? भाकरी थापत बसलेल्या त्या बाईंचं राहून राहून आठवतं.

कृष्णाकाठची | ८ डिसेंबर, दुपारी २:००

अजून नाही. पण औदुंबर त्यांच्या गावापासून जवळच. मी लेकीकरवी निरोप धाडलाय, संक्रांतीचं वाण घेऊन तुम्हीही या म्हणून.

पेनाचंटोपण | २ जानेवारी, रात्री १२:३०

काकू, लिहिलं. हातांबद्दल. चारच ओळी झाल्या, पाचवी आली नाही.

कृष्णाकाठची | १५ जानेवारी, रात्री ९:४५

काल औदुंबरला जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळे तिथे होतातच असं मला वाटत होतं.

सकाळची एसटी धरली. आदल्या रात्रीच तिळाच्या वड्या केल्या होत्या. तो त्याच्या आईबरोबर आधीच येऊन थांबला होता. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद केलेला. मला वाकून नमस्कार केला आणि मग माझ्या मागे बघेना की पुढे बघेना. त्याची आई माझ्याहून लहान असेल. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, तिनं माझ्या, हळदीकुंकू झालं. बोलायला काहीच सुचेना. शेवटी मीच म्हटलं, तुमच्या भाकरीचं वाचलंय मी. तिला काही कळलं नाही. पोरानं मान खाली घातली. मग लेकीनं तिला सांगितलं, की ह्यानं तुमच्यावर एक पान लिहिलंय. ती म्हणाली, 'माझ्यावर? माझ्यावर काय लिहायचंय?'

दुपारपर्यंत भाषणं ऐकली. शाळामास्तर, तुम्ही म्हणालात ते खरंच होतं, माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या धोतराला उसाच्या शेतातला चिखल होता आणि ते एकेक वाक्य मान डोलवत ऐकत होते. मग आम्ही चौघं घाटावर उतरलो. नदी अगदी शांत, पलीकडे भुवनेश्वरीच्या बाजूला होडी लावलेली. हीच कृष्णा आमच्या घरात छातीपर्यंत आली होती. त्यांच्या तर घरावरून गेली होती.

पोरं चार पायऱ्या खाली बसली, आम्ही दोघी वर. लेकीनं वही काढली. त्यानं भाकरीचं पान त्याच्या आईला वाचून दाखवलं. आवाज इतका बारीक की पाण्याचा आवाज वरचढ. ती ऐकत राहिली. संपल्यावर एवढंच म्हणाली, 'पीठ सव्वाशेर होतं. तू लिहिलंस दोन शेर.' त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि समासात लिहून घेतलं.

मग लेकीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'आई, बाराव्या पानावर त्यानं तुझ्यासाठी प्रश्न विचारलाय. मला उत्तर येत नाही.' वही माझ्या हातात दिली. ते पान मी ऑक्टोबरात अर्धं सोडलं होतं. तिनं लिहिलं होतं, 'आम्ही सगळे वरच्या काकूंकडे गेल्यावर आई पुन्हा पाण्यात खाली उतरली. बाबा ओरडत होते. ती एक प्लास्टिकची पिशवी डोक्यावर धरून वर आली. सगळ्यांना वाटलं दागिने. पिशवीत काय होतं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.' समासात काळजीपूर्वक, बारीक पेन्सिलीत, 'विचार ना.'

दागिने नव्हते. दागिने बँकेत होते. ती पिशवी मी कालसुद्धा बरोबर नेली होती, वड्यांच्या डब्याखाली. द्यायची की नाही ते ठरत नव्हतं. आत तिची पहिलीतली दुरेघी वही आहे. पाणी चढत होतं तेव्हा मला घरातली दुसरी कुठलीही वस्तू आठवली नाही.

वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. पानं फुगलेली आहेत, कडा पिवळ्या पडल्यात, पण शिसपेन्सिलीचं होतं म्हणून अक्षर गेलं नाही. तिनं एकेक पान उलटलं. अ, आ, कमळ, बदक. मग एक अख्खं पान ळ. तिला तेव्हा ळ जमत नव्हता, दोन्ही गाठी एकीकडेच पडायच्या. बाईंनी घरून गिरवून आणायला सांगितला होता. पहिल्या ओळीतला ळ मी काढून दिलेला, बाकीचे तिचे. खाली खाली येत सुधारलेले.

तो तिच्या खांद्यावरून बघत होता. पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, 'हा कुणाचा?'

लेक म्हणाली, 'आईचा.'

त्यानं पेन्सिल माझ्यापुढे धरली.